गुडघे धरले म्हणून काम का सुटावे?

शेतीच्या सुधारणेचा विषय निघाला म्हणजे आपण जमिनीविषयी बोलतो, पाण्याविषयी बोलतो, बियाणे, खते, कीड व बाजारभाव ह्यांविषयी बोलतो. बैलाला खांदेसूज झाली तर त्याच्या मानेवर चार दिवस जू ठेवीत नाही. पशुवैद्याकडे जातो, जू खरबरीत झाले असेल तर ते तासून घेतो. परंतु ज्या माणसांच्या कंबरेवर आणि गुडघ्यांवर ही सारी शेती उभी आहे, त्यांचे सांधे दुखू लागले की आपणांपाशी दोनच उत्तरे असतात. एक, ‘सोसा आणि काम करा’; दुसरे, ‘आता घरी बसा’. बैलासाठी जू तासणारा शेतकरी माणसासाठी अवजाराचा दांडा बदलीत नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

गेल्या पावसाळ्यात कडेगाव तालुक्यातील एका गावी सोयाबीनची खुरपणी चालली असताना आम्ही बांधावर उभे होतो. दहाबारा बायकांची टोळी पाती धरून पुढे सरकत होती. शेवटची पात पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंची होती आणि ती इतरांच्या मागे सातआठ हात राहिली होती. बाई दर दोन हातांवर एक हात जमिनीला टेकवून उठत, कंबर सरळ करीत, पुन्हा बसत. “मावशी, जरा विसावा घ्या,” असे आम्ही म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, “बसलं की उठवत न्हाई, साहेब, आन् उठलं की बसवत न्हाई. पर पात मागं राह्यली, तर उद्या बोलवायचं न्हाईत.”

आणि झालेही तसेच. पंधरा दिवसांनी त्याच शिवारात गेलो तेव्हा टोळीत त्या नव्हत्या. शेताचे मालक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांना विचारले, तर ते म्हणाले, “बाईंचा हात फार चांगला हो. आल्याचं बेणं निवडावं तर त्यांनीच. पण रोज सगळ्यांना सारखा, मग मागं पडणाऱ्या बाईला कसं बोलवायचं?”

बाईंचा हात चांगला, आणि बाईंना बोलावणे नाही! ही दोन्ही वाक्ये त्या गृहस्थांनी एका दमात उच्चारली आणि त्यांत काही विसंगत आहे असे त्यांना वाटले नाही. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केले असते. आल्याच्या बेण्यातील कंदकूज लागलेला तुकडा नुसत्या बोटांनी ओळखणारी बाई ही त्या शेताची संपत्ती होय. परंतु ती संपत्ती उकिडवे बसून खुरपे चालविण्याच्या एकाच कसोटीला लावली गेली आणि त्या कसोटीत नापास झाली. काम एकाच रीतीने मांडून ठेवल्यामुळे त्या बाई निरुपयोगी ठरल्या. ही मांडणी बदलता येते, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न कडेगावसारख्या तालुक्यात आज अधिक तीव्र का झाला आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. खानापूर तालुक्यातून वेगळा झालेला हा भाग मुळात अवर्षणप्रवण. ज्वारी-बाजरीची जिराईत शेती, आणि घरातील एकदोन पुरुष मुंबईस किंवा गलाईच्या धंद्यासाठी दूरच्या मुलखात, अशी येथील अनेक कुटुंबांची रीत होती. पुढे ताकारी व टेंभू ह्या उपसा सिंचन योजनांचे पाणी आले, ऊस वाढला, वांगी येथे सोनहिरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आले, हळद, द्राक्षे, भाजीपाला ही पिके आली. ह्याबद्दल आनंद वाटावा हे योग्यच आहे. तथापि जिराईत शेतीत माणसाच्या पाठीला वर्षातून काही महिने आपोआप विसावा मिळत असे, तो बागायतीने नाहीसा केला. आता लावण आहे, खुरपणी आहे, भरणी आहे, फवारणी आहे, काढणी आहे, आणि ह्यांपैकी कोणतेच काम संपत नाही तोच दुसरे उभे राहते. शिवाय गोठ्यात दुभती जनावरे असतातच. पाण्याने एकरी उत्पन्न वाढविले, त्याबरोबर एकरी वाकणेही वाढविले. ह्या दुसऱ्या वाढीची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

सांध्यांचे व स्नायूंचे दुखणे हे फार थोड्यांना होते, किंवा ते केवळ म्हातारपणाचे लक्षण आहे, असा समज असेल तर तो सोडला पाहिजे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, पुणे-सोलापूर मार्गावर भिगवण हे गाव आहे. तेथे १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा एका कार्यक्रमाच्या आधारे घरोघर पाहणी सुरू केली. गावातीलच माणसांना शिकवून स्वयंसेवक केले आणि चार हजारांहून अधिक प्रौढांना एकेक करून विचारले की, कोठे दुखते, किती दिवस दुखते, त्यामुळे कोणते काम अडते. दर शंभरांत सुमारे अठरा माणसांनी दुखणे सांगितले, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. ज्याला वैद्यकात आमवाती संधिवात म्हणतात व ज्यात हातापायांचे लहान सांधे सुजून वाकडे होतात, तो रोग दोनशे माणसांत एकाच्या आसपास निघाला. उरलेल्यांपैकी पुष्कळ जणांचे दुखणे सांध्यांच्या झिजेचे किंवा ओढल्या-ताणल्या गेलेल्या स्नायूंचे व शिरांचे होते. म्हणजे रोज ज्या रीतीने आपण वाकतो, उचलतो, बसतो, तिच्याशी त्याचा निकटचा संबंध होता.

भिगवणच्या ह्या आकड्यांकडे आम्ही शेतकऱ्याच्या नजरेने पाहतो. शंभर माणसांच्या टोळीत अठरा माणसे दुखणेकरी असतील आणि प्रत्येक दुखणेकऱ्याला घरी बसवावयाचे असेल, तर हंगामात मजूर मिळत नाहीत ही आपली तक्रार आपणच निर्माण केलेली आहे, असे म्हणावे लागेल. जगाचा हिशोबही असाच आहे. कंबरदुखीने पीडित असलेल्या माणसांची संख्या २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख होती, आणि माणसाला कामापासून तोडणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा क्रम जगात पहिला लागतो.

आता ‘घरी बसा’ ह्या उत्तराविषयी. कंबर धरली की पडून राहावे, हलू नये, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. आज वैद्यकाचे मत तसे नाही. नेहमीची कंबरदुखी बहुतेकांना काही आठवड्यांत उतरते, आणि ती लवकर उतरण्यास बिछान्यापेक्षा सोसेल इतकी हालचाल अधिक उपयोगी पडते. पुष्कळ दिवस पडून राहिल्याने स्नायू ढिले होतात, मन खचते, आणि परत कामावर येणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम, समजूत आणि नित्याच्या व्यवहारात राहणे ह्यांवर भर असून कमरेचे पट्टे व वजने लावून ताणणे हे उपाय सर्रास करू नयेत असे सांगितले आहे. आठवड्याच्या बाजारात पट्टे विकणाऱ्यांना हे रुचणार नाही!

मात्र काही लक्षणे अशी आहेत की, ती दिसताच कामाचा विचार बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होणे, दुखण्याबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे, पडल्या-आपटल्यानंतर असह्य वेदना होणे, ही ती लक्षणे होत. तसेच सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली राहत असतील आणि अनेक सांधे सुजत असतील, तर तो आमवाती संधिवात असू शकतो; त्यावर प्रारंभीच औषध मिळाले तर सांधे वाचतात, दोन वर्षे काढली तर वाचतीलच असे नाही. मिरज-सांगली कडेगावपासून काही फार दूर नाही. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने खाणे, किंवा कोणाही कडून ‘ताकदीचे’ इंजेक्शन टोचून घेऊन त्याच दिवशी पुन्हा पोते उचलणे, हा मात्र उपाय नव्हे. त्याने वेदना लपते. आतील झीज चालूच राहते, आणि वर जठराची व मूत्रपिंडाची हानी होते ती वेगळीच.

वैद्यकाचे म्हणणे एवढे मान्य केले तर पुढचा भाग आपला, म्हणजे शेतकऱ्यांचा आणि शेतीखात्याचा आहे. ‘झेपेल ते काम करीत राहा’ असे डॉक्टर सांगतात. पण झेपेल असे काम शेतात कोणी ठेवलेले असते काय?

प्रथम अवजारांकडे पाहू. पूर्वी गावचा सुतार बलुत्यात काम करी तेव्हा औत कोणाचे आहे हे त्याला ठाऊक असे. बापाचे रुमणे उंच पडते म्हणून मुलगा तक्रार करी आणि सुतार ते तासून देई. आज खोरे, कुदळ, विळा बाजारातून येतात आणि त्यांचे दांडे सर्वांसाठी एकाच मापाचे असतात. आखूड दांड्याचे खोरे घेऊन दारे धरणारा माणूस सबंध रात्र अर्धा वाकलेला असतो. तोच दांडा हातभर लांब केला तर पाठीचा वाक निम्म्याने उतरतो. खर्च किती? एका बाभळीच्या फाट्याचा. खुरपणीचे तर बहुतेक काम उभ्याने करता येते. ओळीतील अंतर सारखे ठेवून पेरणी केली असेल तर सायकल कोळपे किंवा लांब दांड्याचे हातकोळपे दोन ओळींमधील तण काढते. रोपाच्या बुंध्याशी जे थोडे तण उरते तेवढ्यापुरतेच बसावे लागते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने दातेरी विळा, उभ्याने चालवावयाचे टोकण यंत्र, मक्याचे दाणे सोडविण्याची नळी अशी कितीतरी लहान साधने तयार केली आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शाखेने शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करण्याचा विषय अनेक वर्षे अभ्यासिला आहे. संशोधन नाही असे मुळीच नाही. ते संशोधन कडेगावच्या सुताराच्या आणि लोहाराच्या हाती पोचलेले नाही, एवढेच.

ओझ्याची गोष्ट तशीच. १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेतला म्हणजे नुसत्या पाण्याचेच १६ किलो होतात, पंप निराळा. पाठ दुखणाऱ्याने तो अर्धाच भरावा, दोन्ही खांद्यांचे पट्टे सारखे आवळावे, आणि पंप जमिनीवरून न उचलता ओट्यावरून अंगावर घ्यावा. ह्यात खेपा वाढतात हे खरे, पण खेपा वाढल्याने माणूस कामावरून जात नाही, कंबर गेल्याने जातो. युरियाचे पोते २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोचे झाले. ते खताचा अतिवापर टाळण्यासाठी केले गेले हे आम्हांस माहीत आहे. तरी त्यामुळे पाठीचे पाच किलो आपसूक कमी झाले, ह्यावरून पोत्याचे वजन ही काही दैवाने ठरविलेली गोष्ट नव्हे हे दिसून येते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलावयाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचविली होती. बांधावर मात्र ज्वारीचे पोते अद्याप ‘मापाला’ भरते आणि एकाच्याच पाठीवर चढते. कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत दुरून पाहावयास लोक येतात. ते ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उचलतात, आणि एक खांदा थकला की दुसरा खांदा खाली येतो. उत्सवात जी अक्कल गावापाशी आहे ती खळ्यावर का नसावी?

गोठ्याविषयी विस्ताराने लिहीत नाही. गव्हाण कंबरेच्या उंचीची असावी, वैरण तोडण्यास कडबाकुट्टी असावी, शेण टोपलीतून डोक्यावर नेण्याऐवजी एकचाकी गाडीतून न्यावे आणि धार काढताना उकिडवे न बसता वीतभर उंचीचे बैठे स्टूल घ्यावे, एवढे केले तरी सकाळ-संध्याकाळचे गुडघ्यांचे अर्धे हाल वाचतात.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. सायकल कोळप्याने एक माणूस तिघाचौघींचे काम करू लागला तर उरलेल्या बायकांनी खावे काय? गुडघे वाचविण्याच्या नावाखाली रोजगारच जाणार असेल तर ते औषध रोगापेक्षा वाईट. आमच्या मते ह्याचे उत्तर कोळपे कोणाच्या मालकीचे आहे ह्यावर अवलंबून आहे. ते शेतमालकाच्या घरी असेल तर बायका जातील. ते टोळीच्या मालकीचे असेल तर टोळी एकराच्या हिशोबाने काम अंगावर घेईल, आपल्यातील धडधाकट बाईला कोळप्यावर ठेवील, गुडघे दुखणारीला बेणे निवडण्यास, रोपे मोजण्यास, बेणेप्रक्रियेस लावील आणि पैसे आपसांत वाटून घेईल. शासनाच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात २०१४-१५ पासून अवजार बँकांना साहाय्य देण्यात आले. त्या बँकांतून ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्रे ही भाड्याने मिळतात. तेथे दहा सायकल कोळपी, चार टोकण यंत्रे आणि दोन एकचाकी गाड्या का असू नयेत, आणि त्या मजूर बायकांच्या गटाला का मिळू नयेत, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

मजुरीची रीतही ह्याला कारण आहे. रोजावर सर्वांना सारखे पैसे, म्हणून सर्वांनी एकाच वेगाने पात न्यावी अशी अपेक्षा. उक्त्यात जितके काम तितके दाम, म्हणून सावकाश चालणारा आपोआप बाहेर. दोन्ही रीतींत दुखणाऱ्या माणसाला जागा नाही. आपल्याकडील पैऱ्याची पद्धत ह्यापेक्षा शहाणी होती. पैऱ्यात आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. आणि घरातील वृद्ध माणूस पैरा फेडण्यासाठी खळे राखी, जनावरे पाही, भाकरी पोचवी. तेवढ्याने पैरा फिटला असे धरीत. कामाची अदलाबदल होते, ती एकाच जातीच्या कामाची असावी लागत नाही, हे त्यात गृहीत धरलेले होते.

ऊसतोडीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही, कारण सांध्यांची सर्वांत निर्दय झीज तेथे होते. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात, ह्या शब्दातच सारे आले. दोन माणसे मिळून एक अवजार! बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून मुकादमाकडून उचल घेऊन ही जोडपी आपल्या भागात येतात, टनावर मजुरी मिळते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनावर चढावे लागते. दोघांपैकी एकाची पाठ गेली की कोयता मोडतो. उचल मात्र मोडत नाही, ती अंगावर राहते. मग शाळेतील मुलगा-मुलगी त्या जागी उभी केली जाते. म्हणून एका बाईच्या कंबरदुखीचा परिणाम तिच्या मुलाच्या शाळेवर होतो. मोळीचे वजन कमी ठेवणे, भरणीसाठी यंत्र देणे, आणि जोडीतील एकाला हंगामाच्या मध्यात दुखणे आले तर त्याला वाडे बांधणे, मोजदाद, पाळण्यातील मुले सांभाळणे असे काम देऊन जोडी टिकविणे, ह्या गोष्टी कारखाने व तोडणी-वाहतुकीचे ठेकेदार ह्यांना अशक्य आहेत असे आम्हांस वाटत नाही.

शासनाच्या योजनांचा विचार करू लागलो तर एक विलक्षण भेद दिसतो. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी जी अपघात सुरक्षा योजना आहे, तिच्यात अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख रुपये आणि एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण पाय एका क्षणात तुटला तर त्याची नोंद होते, आणि तीस वर्षे उकिडवे बसून गुडघा झिजला तर तो कोणाच्याच वहीत येत नाही. झिजणे हा सावकाश घडणारा अपघातच होय. त्याला पैसे द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. मोजणे कठीण आहे आणि खोटे अर्ज येतील. परंतु जे भरून देता येत नाही ते निदान टाळता यावे म्हणून त्या खर्चाचा अल्प अंश अवजारांवर खर्ची पडावा, एवढे तरी मागता येते.

रोजगार हमीचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने १९६० नंतरच्या दशकात त्या कल्पनेचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे फार मोठे वचन होते. तथापि ते काम म्हणजे खडी फोडणे आणि माती टाकणे, आणि मजुरी मोजमापावर. अर्थात् वचन मागणाऱ्या प्रत्येकाला होते. काम मात्र धडधाकट शरीरासाठी होते. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्याखालील सूचनांत अपंग व्यक्तींना पाणी पाजणे, मुले सांभाळणे, हजेरीस साहाय्य करणे अशी कामे समान मजुरीने द्यावीत असे नमूद झाले. ही हमी ह्यापुढे कोणत्याही नावाने व कोणत्याही कायद्याने चालो, ती सूचना गळता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, ज्यांचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरते त्यांना दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत व शेतजमीन वाटपाच्या योजनांत ५ टक्के राखीव हिस्सा आहे, आणि सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढून टाकता येत नाही. सरकारी कारकुनाला जे संरक्षण आहे त्याचा लवलेश खुरपणाऱ्या बाईला नाही. तिचे गुडघे ४० टक्क्यांत बसतात की नाही हे पाहण्यासाठीही तिला एक रोज मोडून तपासणीस जावे लागते.

कामच माणसाच्या मापाचे करावयाचे, ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. जयपूर येथे १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी रबराचा पाय तयार केला. त्यापूर्वीचे कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते; शेतकऱ्याला ते घालून ना मांडी घालता येई, ना चिखलात उतरता येई. तो खुर्चीवर का बसत नाही, असे त्या दोघांनी विचारले नाही. त्याला कशा जमिनीवर चालावयाचे आहे हे पाहिले आणि पाय तसा घडविला. आपले बाबा आमटे ह्यांचे उदाहरण तर घरचेच. कण्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहावे किंवा आडवे पडावे एवढेच उरले. तरी १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते बसमध्ये बिछाना टाकून गेले. बाबांची जिद्द सर्वांपाशी नसते हे उघड आहे, आणि सामान्य माणसाकडून तशी जिद्द मागणे अन्यायाचे होईल. आम्हांस त्या गोष्टीत बिछान्याचे महत्त्व वाटते. कोणीतरी बसमधील बाके काढून तेथे बिछाना बसविला, म्हणून ती जिद्द काश्मीरपर्यंत पोचली.

शेवटी आमच्या स्वतःच्या खात्याविषयी लिहिणे प्राप्त आहे. आम्ही विस्ताराचे काम करणारी माणसे एकरी टनांच्या भाषेत बोलतो. दोन ओळींत किती अंतर, बेणे किती, पाणी किती पाळ्यांनी, हे सारे आम्ही छापतो. ते काम करताना माणसाने किती तास कशा बैठकीत राहावे लागेल ह्याचा उल्लेख करीत नाही. आच्छादनाने ओल टिकते असे सांगतो, पण त्याने खुरपणीची एक पाळी वाचते आणि तितके गुडघे वाचतात हे सांगत नाही. ठिबकाने पाणी वाचते हे सांगतो, पण त्यामुळे पाठ धरलेला माणूस रात्री खोरे घेऊन दारे धरण्याऐवजी झडप फिरवून पाणी देऊ शकतो आणि घरचा पाणी धरणारा म्हणून राहू शकतो, हे आमच्या एकाही पत्रकात आलेले नाही. ह्यापुढे प्रत्येक शिफारशीबरोबर ‘हे काम उभ्याने होते की वाकून, आणि वाकून होत असेल तर दुसरी तजवीज कोणती’ हे एक वाक्य असावे, अशी सूचना आम्ही आमच्या बैठकीत मांडली आहे. काही मित्र हसले. पात्याचा कोन आणि नांगरटीची खोली ज्या गंभीरपणे आपण लिहितो, त्याच गंभीरपणे माणसाच्या पाठीचा कोन लिहिण्यात हसण्यासारखे काय आहे, हे आम्हांस समजले नाही.

ज्या मावशींपासून हा लेख सुरू झाला, त्यांच्या मालकांशी नंतर दोनतीन वेळा बोलणे झाले. आल्याच्या लावणीच्या वेळी त्यांनी गोठ्याच्या पडवीत कंबरेच्या उंचीवर फळ्यांचे एक मेज केले आणि बेणे निवडण्यास व प्रक्रिया करण्यास मावशींना पूर्ण रोजावर बोलाविले. नऊ दिवस काम चालले. “बेणं यंदा कमी कुजलं,” असे ते म्हणतात. एका हंगामावरून आम्ही तसा निष्कर्ष काढणार नाही. खुरपणीसाठी मावशींना उंच दांड्याचे कोळपे करून दिले आहे. पहिला दांडा त्यांना फार लांब झाला, तो वीतभर कापावा लागला. त्यांच्या जावेची पाठही दुखते. ती चांगली हातभर उंच आहे, तेव्हा तिचे माप वेगळे घ्यावे लागेल, असे सुतार म्हणाला.